तापात वाढवायची गोळी

ताईच्या तळहातांच्या रेषा काळवंडल्या, बोटांची पेरं काळी पडली, तेव्हा घरात सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. पण हिरड्यांवरही काळे डाग दिसू लागले. वजन उतरलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि जेवताना ती लोणच्याचा खार वाटीत घेऊन चाटायची. पुण्यातल्या डॉक्टरांनी सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं आणि निदान झालं: ॲडिसनचा आजार. तरुणपणी झालेल्या क्षयानं तिच्या मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी निकामी केल्या होत्या. थॉमस ॲडिसन यांनी लंडनमध्ये १८५५ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाही त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयानंच पोखरलेल्या होत्या.

हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ताई पुन्हा शाळेत शिकवू लागली. तिची खरी परीक्षा असते ती पावसाळ्यात, घरोघरी व्हायरल सुरू झाल्यावर.

निरोगी माणसाला ताप आला की ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी वाढवतात, म्हणून रक्तदाब टिकतो, साखर घसरत नाही. ताईच्या शरीरात गोळीतून जातं तेवढंच कॉर्टिसॉल. त्यामुळे ताप १००.४ अंशांच्या वर गेला की तिचा डोस दुप्पट होतो आणि १०२ च्या पुढे गेला की तिप्पट. कोविडच्या साथीत युरोपातल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांना दर सहा तासांनी २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन घ्यायला सांगितलं होतं, कारण तो ताप दिवसभर उतरतच नसे. शिवाय बर्मिंगहॅमच्या संशोधकांना २०१७ मध्ये असंही आढळलं, की विषाणूंशी पहिली झुंज देणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची ताकद ॲडिसनच्या रुग्णांमध्ये कमी पडते.

तरी सर्वांत घातक असते ती उलटी. गोळी पोटात टिकलीच नाही, तर डोस दुप्पट करून काय उपयोग?

नागपंचमीच्या सुमारास मी साताऱ्याला तिच्याकडे होते. आधी भाच्याला उलट्या-जुलाब झाले, मग दाजींना. दोघंही दुसऱ्या दिवशी उठून बसले. त्या रात्री ताईची पाळी आली. घेतलेली गोळी उलटून पडली, परत घेतली, तीही पडली. तासाभरात तिचे हात गार पडले. ती माझ्याकडे बघत होती, पण विचारलेल्याचं उत्तर देत नव्हती. दाजींनी कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. त्यात पांढऱ्या पावडरीची १०० मिलिग्रॅमची बाटली, पाण्याचं अँप्यूल, सिरिंज, सुया आणि डॉक्टरांचं पत्र. अँप्यूलची मान मोडून त्यांनी पाणी सिरिंजमध्ये ओढलं, बाटलीत सोडलं, द्रावण स्वच्छ होईपर्यंत हलवलं आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला इंजेक्शन दिलं. मग लगेच गाडी काढली.

दवाखान्यात वरचा रक्तदाब ८० भरला. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर क्षणभर थबकले: विषाणूचा आजार दिसतोय आणि स्टेरॉइड वाढवायचं? एरवी त्यांची शंका रास्तच होती. साध्या व्हायरल तापात स्टेरॉइड देत नाहीत, डेंग्यूतही नाही. पण ताईसाठी ते वरून दिलेलं औषध नव्हतं, शरीरात जे तयारच होत नाही ते भरून काढणं होतं. पत्र वाचताच त्यांनी सलाइन सुरू केलं आणि पुढच्या चोवीस तासांसाठी २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लिहिलं. सकाळी शेजारच्या काकू मायेनं शहाळं घेऊन आल्या. ते ताईला दिलं नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि या संकटात रक्तातलं पोटॅशियम आधीच चढलेलं असतं. कमी पडतं ते सोडियम. म्हणून घरी आल्यावरही तिच्यासाठी मीठ-साखरेचं पाणी आणि खारट पेज.

दरवर्षी ती फ्लूची लस घेते. त्या लसीतला विषाणू मृत असतो आणि रोजच्या डोसमुळे ती घ्यायला काही आडकाठी येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या लोकांची. संधिवातासाठी, दम्यासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्या अनेकांच्या ॲड्रिनल ग्रंथीही मंदावलेल्या असतात. त्यांच्या कागदांवर ॲडिसनचं नाव नसतं, आणि ताप आला, तोंडाची चव गेली, की ‘इतर गोळ्या राहू देत’ म्हणून नेमकी तीच गोळी बंद होते. ताईच्या शाळेतले एक शिपाईमामा असेच सांधेदुखीसाठी ती गोळी घेतात. पावसाळ्यापूर्वी ताईनं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि तापात किती गोळ्या घ्यायच्या, उलट्या झाल्या तर कुठे जायचं, हे त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून आणायला लावलं.