पाच-दहा सेंटांचं दुकान

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे राहून आले. लेक-जावई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावात असतात. एका रविवारी लेकीने विचारलं, "अम्मी, आज कुठे जायचं? डोंगर बघायचे की समुद्र?" मी म्हटलं, "मला एक दुकान बघायचंय. बंद पडलेलं." ती हसायला लागली. पण त्यामागे एक गोष्ट होती.

तिथल्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर बायका थोडा वेळ बसतात. तिथे एका कृष्णवर्णीय आजींशी माझी ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढे, जन्म ग्रीन्सबरो शहरातला. माझ्या पिशवीत डॉलरच्या दुकानातून आणलेल्या सुया, दोरा आणि केसांच्या पिना होत्या. त्या बघून आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी हे सगळं डाइम स्टोअरमध्ये मिळायचं." मग बराच वेळ त्या त्या दुकानाबद्दलच बोलत राहिल्या.

डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. अमेरिकेतलं सगळ्यात लहान आकाराचं नाणं हेच. पाच आणि दहा सेंटांत वस्तू देणारी म्हणून या दुकानांना 'फाइव्ह-अँड-डाइम' म्हणत. आपल्याकडे जत्रेत 'हर एक माल' म्हणून ओरडणारा फेरीवाला असतो ना, त्याच जातीचं, पण पक्क्या इमारतीतलं दुकान.

याची सुरुवात फ्रँक वूलवर्थ नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने केली. तो न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावी एका दुकानात नोकरीला होता. तिथे पडून राहिलेला किरकोळ माल एका टेबलावर मांडून 'कोणतीही वस्तू पाच सेंट' अशी पाटी लावली, तर माल हातोहात खपला. त्याने १८७९ च्या फेब्रुवारीत युटिका येथे स्वतःचं दुकान काढलं. ते काही महिन्यांतच बुडालं. पण तो खचला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर येथे दुसरं दुकान उघडलं आणि ते चाललं. पुढे शेकडो दुकानं झाली. १९१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये आपल्या नावाची इमारत उभी केली. तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. पाच-पाच, दहा-दहा सेंटांतून ती उभी राहिली!

आजच्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी दुकानात माल गल्ल्यामागे असे. गिऱ्हाइकाने मागायचं, दुकानदाराने काढून दाखवायचं, मग भाव करायचा. पैसे कमी असलेला माणूस मागायलाच कचरायचा. वूलवर्थने माल उघड्यावर मांडला आणि भाव ठरवून टाकला. हात लावा, उलटसुलट करून बघा, नाही घेतलं तरी कोणी काही म्हणणार नाही. कारखान्याकडून थेट घाऊक खरेदी, रोखीचा व्यवहार आणि कमी पगारावर काम करणाऱ्या तरुण मुली, या तिन्हींवर ती स्वस्ताई उभी होती.

आजी डोळे मिटून सांगत होत्या. चालताना करकरणारी लाकडी जमीन. काचेच्या पट्ट्यांनी केलेले कप्पे, एकात बटणं, दुसऱ्यात रिबिनी, तिसऱ्यात कंगवे. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास. पाण्याच्या भांड्यातले सोनेरी मासे. "शनिवारी आई मला एक डाइम द्यायची. मुठीत इतकी घट्ट धरायचे की हातावर वळ उठायचा. अर्धा तास फिरून एक रिबीन घ्यायची, आणि वाटायचं, सगळं दुकान माझंच आहे."

मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक कोपरा सोडून."

वूलवर्थच्या मोठ्या दुकानांत खाण्याचा काउंटर असे. उंच स्टुलांवर बसून लोक सँडविच खात, कॉफी पीत. दक्षिणेकडच्या राज्यांत त्या स्टुलांवर फक्त गोऱ्यांनी बसायचं, असा दंडक होता. ज्या दुकानात काळ्या माणसाचा डाइम कंगव्यासाठी चालत होता, तिथेच तो बसून कॉफी पिण्यासाठी चालत नव्हता. "भाजलेल्या पावाचा आणि चीजचा वास यायचा. मी आईला म्हणायचे, बसूया ना. आई म्हणायची, घरचं जेवण जास्त चांगलं असतं, बेटा. मोठी होईपर्यंत मला ते खरंच वाटत होतं."

ते दुकान मला बघायचं होतं.

कॅरीहून ग्रीन्सबरो गाडीने सव्वा-दीड तासावर आहे. साउथ एल्म स्ट्रीटवर जुनी दोन मजली इमारत, दर्शनी बाजूला अजून वूलवर्थचंच नाव. आत आता नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. ते १ फेब्रुवारी २०१० रोजी उघडलं. तारीख मुद्दाम निवडलेली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६० च्या दुपारी, इथे चार विद्यार्थी आले होते. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मकनील. चौघेही जवळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला.

त्यांनी आधी टूथपेस्टसारख्या बारीकसारीक वस्तू विकत घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. नकार मिळाला. तेव्हा त्यांचा सवाल साधा होता: तिकडच्या काउंटरवर आमचे पैसे घेतलेत, मग इकडे का नाही? शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसेक जण आले, चौथ्या दिवशी तीनशेहून जास्त. मार्च संपेपर्यंत हे लोण पन्नासहून अधिक शहरांत गेलं. बसलेल्यांच्या अंगावर केचप ओतलं गेलं, सिगरेटी विझवल्या गेल्या, तरी हात उचलायचा नाही, हा त्यांचा नियम. अखेर २५ जुलै १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या दुकानाने माघार घेतली. त्या काउंटरवर सर्वांत आधी जे कृष्णवर्णीय बसून जेवले, ते त्या दुकानातलेच कामगार होते.

संग्रहालयात तो काउंटर जागच्या जागी आहे. रांगेने मांडलेली स्टुलं. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. त्या चौघांपैकी एझेल ब्लेअर यांनी १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि जिब्रील खझान हे नाव घेतलं. हे मला मशिदीतल्या आजींनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर लेकीला आमच्या महाडची गोष्ट सांगितली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं, तरी त्यांना बंद होतं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लीम गृहस्थांनी आपली जागा दिली. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी सांगितली जायची. "जागा कोणी दिली? आपल्या माणसाने दिली," असं अब्बा छाती फुगवून म्हणायचे.

हे सांगता सांगता मीच गप्प झाले. कारण मला दुसरंही काही आठवलं. आमच्या दादीकडे सुपं-टोपल्या विकायला एक मावशी यायची. दादी तिला कधी बिनचहाची पाठवत नसे. पण तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला. मावशी स्वतःच तो काढायची, दादी वरून चहा ओतायची, पिऊन झाल्यावर मावशी तो धुऊन परत कोनाड्यात ठेवायची. पाच वेळच्या नमाजची पाबंद असलेली, मनाने अतिशय प्रेमळ अशी माझी दादी! तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. आपल्या दीनमध्ये याला जागा नाही, हे आम्हांला पाठ होतं. पण कोनाडा तसाच राहिला.

वूलवर्थची अमेरिकेतली ती दुकानं १९९७ मध्ये बंद झाली. महागाईपुढे पाच-दहा सेंटांचा भाव केव्हाच टिकला नव्हता, आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या वॉलमार्ट, केमार्टसारख्या मोठ्या दुकानांनी गिऱ्हाईक ओढून नेलं. आजींना त्या दुकानाची आठवण येते का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "येते. रिबिनींची येते. आणि आईच्या चेहऱ्याची येते."

ऑगस्टमध्ये घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणाऱ्या बाई आल्या. चहा केला आणि माझा हात सवयीने मांडणीच्या खालच्या फळीकडे गेला. तिथे एक स्टीलचा पेला होता, बाकी भांड्यांपासून थोडा बाजूला. तो तिथे कोणी, केव्हा ठेवला, ते आठवेना. कोणी ठरवून ठेवला नसेलही. पण गेली दहा वर्षं बाई त्याच पेल्यातून चहा पीत होत्या.

मी तो पेला इतर पेल्यांत मिसळून टाकला. वरच्या फळीवरून दोन सारखे कप काढले, चहा ओतला आणि म्हटलं, "बसा ताई, खुर्चीवर बसा." त्या आधी संकोचल्या, मग बसल्या. फार काही बोलणं झालं नाही. चहा जरा गोड झालाय, एवढंच त्या म्हणाल्या.

वाचक भगिनींनो, एकदा आपापल्या स्वयंपाकघरातली खालची फळी बघून घ्या.