न्हाणीतला कोनाडा

सोलापुरात भवानी पेठेत आमचे घर जुन्या बांधणीचे आहे. वडिलांनी गिरणीच्या पगारातून पै-पै साठवून ते घेतले. घर तीन खोल्यांचे, आणि न्हाणी म्हणाल तर लांबीला पाच फूट, रुंदीला चार. त्यात अंघोळीचा दगड, पाण्याचे पिंप आणि आईचा तांब्याचा बंब. माणूस आत शिरला की वळायला जागा उरत नाही.

कृषी खात्यातल्या नोकरीला माझी तीस वर्षे होत आली. गावोगावची मंडळी सोलापूरला बाजाराला किंवा दवाखान्याला आली की आमच्याकडे चहाला येतात. हातपाय धुवायला न्हाणीत गेली की बाहेर येऊन हमखास विचारतात, "साहेब, भिंतीवर ते काय लावलंय?"

भिंतीवर यंत्रमागाचा जुना धोटा आहे. शेजारी स्वयंपाकघरातून बाद झालेले ताटाळे आहे. कोपऱ्यात कांद्याच्या जाळीच्या पिशवीचे शिंके टांगले आहे. सगळा माल जुना, भंगारातला किंवा शेजाऱ्यांनी टाकून दिलेला. पाहुणे कौतुक करतात. पण ही न्हाणी अशी का झाली ते मी फारसे कोणाला सांगितलेले नाही. आज सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

गोष्ट २००४ सालची. तेव्हा आमच्या भागात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येई. घरात जे भांडे मिळेल त्यात पाणी भरून ठेवायचे, हा पेठेतल्या प्रत्येक घरचा रिवाज. त्या दिवसांत एका गावी तुरीवर घाटेअळीचे प्रात्यक्षिक घेतले होते. फवारणी झाल्यावर बांधावर पाच लिटरचा पांढरा, जाड, सुबक डबा रिकामा पडला होता. एवढी चांगली वस्तू फेकून द्यायची माझ्या जिवावर आले. मी तो घरी आणला, साबण लावून चार वेळा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, वरचे तोंड कापून टाकले आणि न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवून दिला. त्यात सौ. कपडे धुण्याची पावडर ठेवू लागली. डब्यावरचा कागद निम्मा निघाला होता, पण पिवळ्या रंगाची खूण तशीच राहिली होती.

आणि वाचकहो, मी त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या चावडीवर भाषण केले होते, की औषधाचे रिकामे डबे घरात वापरू नका!

पुढे महिन्याभरात एका रात्री नऊच्या सुमारास दारावर थाप पडली. प्रात्यक्षिकाच्या गावचा एक शेतकरी दारात उभा. अंगात धाप, डोळ्यांत पाणी. त्याच्या चार वर्षांच्या पोराने फवारणीचे औषध प्यायले होते. पोराला दवाखान्यात दाखल करून तो पळत माझ्याकडे आला होता. डॉक्टर विचारत होते, "कोणते औषध?" आणि ते कोणालाच सांगता येत नव्हते.

झाले होते असे. शेजाऱ्याच्या बाटलीतले उरलेले औषध त्याने निम्मे वाटून घेतले होते. ते ठेवायला घरातली थंड पेयाची रिकामी बाटली घेतली. त्या बाटलीवर ना नाव, ना खूण. फवारून आल्यावर अंघोळ न्हाणीतच करायची, म्हणून बाटली तिथल्याच कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली. पोराने ती ओळखीची बाटली पाहिली आणि तोंडाला लावली. वासाने एका घोटातच टाकली म्हणून बरे. तेवढ्याने तोंडातून लाळ गळू लागली, अंगाला घाम सुटला, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. शेजारणीने मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न केला, त्यात वेळ गेला तो गेलाच.

प्रात्यक्षिकात कोणते औषध होते ते मला ठाऊक होते, आणि त्याने शेजाऱ्याकडून घेतले तेही तेच. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन नाव सांगितले. डॉक्टरांनी लक्षणांवरून अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शने सुरू केलीच होती. दोन रात्री कठीण गेल्या. तिसऱ्या दिवशी पोराने आईला ओळखले आणि भूक लागली म्हणाला.

त्या दिवशी सौ.ने पोराच्या आईला आग्रहाने आमच्या घरी आणले. तीन दिवस बाई अंगावरच्या लुगड्यानिशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. आमच्या आईने तिला आपले धुतलेले लुगडे दिले, बंबात पाणी तापवले आणि म्हणाली, "जा पोरी, आधी अंघोळ कर. मग दोन घास खा."

बाई न्हाणीत गेली आणि लगेच बाहेर आली. कोरडीच. हातात तो पांढरा डबा.

"सायेब, ह्यो डबा तुमच्यात कशाला?"

मी म्हणालो, "ताई, चांगला धुतलेला आहे तो. पावडर ठेवलीय त्यात."

ती म्हणाली, "धुतलाय ते तुमास्नी ठावं. पोरास्नी काय ठावं? त्येनला नुस्ता डबा कळतो. घरातली बाटली आम्ही रानाच्या कामाला लावली, अन् तुम्ही रानातला डबा घरात आणला. ह्यातच माझं पोरगं चाललं हुतं की. आन् आपण त्येला औषध म्हणतो. पोरगं मला म्हणतंय, आई, औषध हुतं म्हणून प्यालो."

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. झालेला माणूस. कीटकनाशकांवर परीक्षा दिलेली. पण त्या बाईपुढे मला एक शब्द सुचला नाही. खात्यातली आम्ही माणसेच विषाला 'औषध' म्हणत गावोगाव फिरतो. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि त्याच कोनाड्याखाली बसून अंघोळ करीत होती.

त्याच संध्याकाळी डबा खिळ्याने भोके पाडून निकामी केला आणि पुढच्या दौऱ्यात वस्तीपासून व विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरला. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हेच सांगितले आहे: रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येतील अशी टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. नियम मला पाठ होता. घरात मात्र तो पोचला नव्हता.

डबा कितीही धुतला तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही विषे प्लॅस्टिकच्या अंगात मुरतात, ती वरच्या धुण्याने जात नाहीत. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतायला सांगतात ते डबा घरात वापरता यावा म्हणून नव्हे, टाकून देताना त्यातले विष कमीत कमी राहावे म्हणून. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा कोनाडा आठवला.

आता डबा गेला तर सामान ठेवायचे कशात? पैसे मोजकेच होते. मग सौ., आई आणि मी असे तिघांनी घरातल्या अडगळीचा माळा उतरवला. त्यातून काय-काय झाले ते सांगतो. आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

आमच्या भागात दिवसभर यंत्रमागांची खडखड चालते. चादरी, टॉवेल विणणाऱ्या शेजाऱ्याकडे लाकडी धोटे झिजून बाद झालेले असतात. सव्वा-दीड फुटाचा धोटा, मध्ये कांडी बसायची लांबट पोकळी. कठीण लाकूड, वर्षानुवर्षे सुताशी घासून गुळगुळीत झालेले. दोन्ही टोकांच्या लोखंडी चुंच्या काढून टाकल्या, पोकळीचा तळ बंद होता त्याला तीन भोके पाडली, जवसाचे तेल दोन वेळा पाजले आणि भिंतीवर आडवा ठोकला. दात घासायचे ब्रश, कंगवा, जीभ घासायची पट्टी त्यात बसते. पाणी खाली गळून जाते. दाढीचे पाते मात्र वेगळ्या डबीत, हात उंच केल्याशिवाय न पोचणाऱ्या जागी.

स्वयंपाकघरातले एक ताटाळे वाकले म्हणून सौ. ते भंगारवाल्याला देणार होती. ते सरळ करून न्हाणीत टांगले. ताटांच्या जागी साबणाच्या वड्या, वाट्यांच्या जागी उटणे, शिकेकाईची डबी, खालच्या दांडीवर पंचे. तारांचे असल्यामुळे साबण ओला राहून विरघळत नाही. साबणाचा खर्च निम्म्याने नाही तरी पावपट कमी झाला, असा सौ.चा हिशेब आहे.

शिंक्याची कल्पना आईची. ती म्हणाली, "आमच्या वेळी दुधा-तुपाला शिंकं असायचं ते मांजराला मिळू नये म्हणून. आता पोरांना मिळू नये म्हणून बांधा." सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक मोठी, त्यामुळे जाळीच्या पिशव्यांना तोटा नाही. पिशवी गरम पाण्यात धुऊन तिच्या तोंडाला नायलॉनची दोरी ओवली आणि आढ्याच्या कडीला अडकवली. वजरी, घासणी, मुलीची खेळणी त्यात. जाळीतून वारा खेळतो, वास येत नाही.

फसलेले प्रयोगही सांगायला हवेत. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापून मी फळी केली होती. रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत गंजला आणि धारेने सौ.चे बोट कापले. न्हाणीत पत्रा नको. लाकडी खोकेही तळाशी कुजले आणि त्यात झुरळे झाली. त्यापेक्षा द्राक्ष-डाळिंबाच्या मालाचे जुने प्लॅस्टिक क्रेट बरे. एकावर एक दोन बांधले की कपड्यांची सोय होते. जुनी सोलापुरी चादर फाटली की तिच्या चार घड्या शिवून पायपुसणे होते. ते वर्षानुवर्षे टिकते. सुतार, खिळे, दोरी, तेल मिळून त्या वेळी मला तीनशे ऐंशी रुपये खर्च आला.

पिंपाविषयी दोन शब्द. जुन्या बाजारात निळी पिंपे स्वस्त मिळतात. पण त्यात आधी काय होते हे विक्रेत्याला खात्रीने सांगता येत नसेल, तर ते स्वस्तही महाग समजा. रसायनाचे पिंप पाण्यासाठी घेऊ नका, अंघोळीच्याही नाही. आणि कोणतेही पिंप असो, त्याला झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, आतून घासून कोरडे करायला हवे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

माळ्यावरची एक वस्तू राहिली. वडिलांची पत्र्याची ट्रंक. ती मी त्या पोराच्या वडिलांना दिली. कुलूप-किल्लीसह. त्यांनी ती शेतातल्या खोलीत उंच फळीवर ठेवली. धान्य, वैरण आणि जनावरांची पेंड तिच्यापासून दूर. फवारणीची सारी विषे त्यांच्या मूळ डब्यांतच, कागदासकट त्या ट्रंकेत राहू लागली. मला विचाराल तर न्हाणीच्या सोयीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू ही ट्रंकच. न्हाणीत काय ठेवायचे याच्याआधी तिथे काय ठेवायचे नाही, हे ठरले पाहिजे.

डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून कमी. पण हिरवेही विषच आहे. निम्मे वाटून घ्यायची वेळ आलीच, तर बाटली फोडून वाटू नका, एकाच्याच कुलपात राहू द्या. फरशी धुण्याचे फिनेल, संडासाचे ॲसिड यांनाही थंड पेयाची बाटली नको. आणि कधी दुर्दैवाने पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी, दूध, तूप पाजत बसू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा, आणि डबा त्याच्या कागदासह दवाखान्यात न्या. डॉक्टरांना तो कागद हवा असतो.

गेल्या वैशाखात तो मुलगा आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आईबरोबर आमच्याकडे आला होता. पंचविशीचा, उंच, अंगापिंडाने भरलेला. स्वतःची डाळिंबाची बाग सांभाळतो. माझी आई आता राहिली नाही. बाईने तिच्या फोटोला हात जोडले. मग पाय धुवायला म्हणून न्हाणीत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो, तर कोनाड्यावर हात फिरवून पाहत होती. कोनाडा रिकामा होता. आम्ही तो तेव्हापासून रिकामाच ठेवला आहे.

"सायेब," ती म्हणाली, "सुनंलाबी दावायला आणीन हितं."

असो. बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी अर्धा तास काढा आणि आपल्या न्हाणीतले कोनाडे, फळ्या, खुंट्या एकदा डोळ्यांखालून घाला. बिननावाची बाटली असेल, रानातून आलेला डबा असेल, तर तो त्याच दिवशी घराबाहेर काढा. रिकाम्या झालेल्या जागेत काय ठेवायचे ते घरातल्या बायामाणसांना विचारा. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले कळते, एवढे मी अनुभवाने सांगतो.