बारा वर्षांची नात आणि दोन एकर शेत

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीची गोष्ट. रविवारची पहिली मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता हातात कागद घेऊन उभ्या होत्या. ‘‘फादर, सही करू की नको, तेवढं सांगा,’’ असे म्हणून त्यांनी तो कागद आमच्या हाती दिला. ओढ्याकाठचे दोन एकर शेत विकण्याचा तो करार होता.

त्यांचा मुलगा इंजिनियर असून अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या पश्चिमेस असलेल्या व्हर्जिनिया राज्यातील लाउडन परगण्यात भाड्याच्या घरात राहतो. शेजारच्या फेअरफॅक्स परगण्यात घर विकत घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. कारण एकच, बारा वर्षांची मुलगी. गणितात तिची बुद्धी असामान्य चालते आणि तिला उत्तम शाळा मिळावी, ही बापाची तळमळ.

आपल्याकडील वाचकांस याचे नवल वाटेल. शाळेसाठी घर कशाला बदलावयाचे? परंतु त्या देशात सरकारी शाळा विनामूल्य असली, तरी मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. व्हर्जिनियात साधारणपणे प्रत्येक परगण्याचा शाळाविभाग स्वतंत्र, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो. म्हणून तेथील आईबाप घराच्या भिंती पाहण्यापूर्वी शाळा पाहतात.

आम्ही त्या मातेकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि दोन्ही परगण्यांची माहिती जमवून तिची तुलना मांडली. फेअरफॅक्सचा शाळाविभाग फार मोठा. तिसऱ्या इयत्तेपासूनच हुशार मुलांना निवडून त्यांचे स्वतंत्र वर्ग चालविण्याची तेथे सोय आहे. विज्ञान व तंत्रविद्या यांसाठी 1985 साली निघालेले थॉमस जेफरसन हायस्कूल त्याच परगण्यात असून, त्याने काही वर्षे साऱ्या देशात पहिला क्रमांक मिळविला आहे. लाउडनचा विभाग त्याहून लहान. मात्र तेथेही 2018 साली लीसबर्ग येथे ‘अकॅडमीज ऑफ लाउडन’ ही संस्था उभी राहिली. निवडलेली मुले एक दिवस तेथे विज्ञान किंवा इंजिनियरिंग शिकतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या शाळेत, जुन्या सोबत्यांमध्ये बसतात.

खरे सांगावयाचे तर आमचे पहिले मत फेअरफॅक्सच्याच बाजूने पडले. पहिल्या क्रमांकाची मोहिनी धर्मगुरूवरही पडते! परंतु नियम नीट वाचले, तेव्हा निराळेच दिसले. जेफरसन हायस्कूलमध्ये लाउडनच्या मुलांनाही अर्ज करता येतो. पूर्वी तेथे कठीण प्रवेशपरीक्षा असे. 2020 साली ती बंद झाली आणि परगण्यांतील प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेच्या आठवीतील दीड टक्का मुलांइतक्या जागा त्या त्या शाळेसाठी राखून ठेवण्याचे ठरले. यावरून कोर्टकज्जे झाले. 2023 साली अपील न्यायालयाने ते धोरण वैध ठरविले, आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. तेव्हा एखाद्या नामांकित शाळेच्या छायेत घर घेतल्याने दार अधिक उघडते, असे नाही. जेथे हुशार मुलांची दाटी, तेथे राखीव जागांसाठी चुरसही अधिक.

पुढच्या रविवारी त्या मातेच्या फोनवरून आम्ही मुलाशी बोललो. हा सर्व तपशील त्याला ठाऊक होता. तो म्हणाला, ‘‘फादर, जेफरसनचं राहू द्या. तिच्यासारखी मुलं रोज तिच्याबरोबर असावीत, एवढंच मला हवं. इथे तिला वर्गात कंटाळा येतो.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चपळ बुद्धीचे मूल वर्गात एकटे पडले की कोमेजते, हे आम्ही आमच्या शाळेतही पाहिले आहे.

मग मुलगी फोनवर आली. मोडक्या मराठीत तिने विचारले, ‘‘फादर, मला कुठेच निवडलं नाही, तर आजीचं शेत परत मिळेल का?’’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही जमविलेल्या साऱ्या माहितीत हा प्रश्न कोठेच नव्हता.

आम्हांसही अकराव्या वर्षी, हुशार म्हणून, दूरच्या वसतिगृहात पाठविले होते. तेथे आम्हांस विद्या लाभली. त्याबद्दल परमेश्वराचे आभार. परंतु आमच्या खर्चासाठी धाकट्या भावाने शाळा सोडली, हे आम्हांस फार उशिरा कळले. आजही त्याच्याशी बोलताना आमची जीभ अडखळते. त्या मुलीला मात्र हा भार बाराव्या वर्षीच दिसला होता.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. त्याच्या बुद्धीने सारे थक्क झाले होते. असे गुरू नाझरेथमध्ये कोठून मिळणार? तरीही तो आईबापांबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढत गेला. चांगल्या शाळेचा शोध घेऊ नये, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. मरिया आणि योसेफ यांनीच त्याला यरुशलेमला नेले होते. परंतु लेकराची बुद्धी ही देवाची देणगी आहे. तिला घराचे कर्ज फेडावयास लावू नये.

आम्ही त्या मुलाला इतकेच सांगितले, की आहे तेथेच राहून मुलीला दोन्ही ठिकाणी अर्ज करू द्या. आणि शेताचा प्रश्न तिच्या निकालाशी जोडू नका. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आईला द्या.’’

मायलेकांचे काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. कागदावर सही झाली नाही, एवढे खरे. मुलगी अर्ज पुढल्या हिवाळ्यात करील. तिची निवड होईल वा न होईल. दोन एकरांत यंदा भात उभे आहे.