सोळा स्क्रू

भाऊंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं वरून घेतलेलं चित्रीकरण कुठे आहे, अशी विचारणा पुण्यापासून नांदेडपर्यंतच्या आप्तांकडून अजून चालू आहे. ड्रोन आणला होता, बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या होत्या, मग मास्तरांनी तो उडवू का दिला नाही? फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. ज्यांचा आमच्या घरच्या कार्याशी संबंध नाही, अशा मित्रांनाही यात थोडंफार सापडेल.

ड्रोन माझ्या नातीचा. ती अकरावीत आहे आणि तो तिने स्वतः जोडला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला आपल्याकडे बंदी आली. सुट्या भागांना मात्र मुभा राहिली. तेव्हा मुलं भाग जमवतात आणि जोडत बसतात. शिकायच्या दृष्टीने हे बरंच झालं म्हणायचं. वजन 250 ग्रॅमच्या आत, म्हणजे 2021 च्या नियमांनुसार हा 'नॅनो' गटातला. त्याला पायलटचा परवाना लागत नाही. पण डोक्यावर पडला तर ज्याला लागेल त्याला परवान्याचा काय उपयोग?

कार्यक्रम रविवारी, अंबड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात. 2024 च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनांच्या बातम्यांनी आपल्याकडची गावं कशी जागी राहिली होती, ते आठवत असेल. म्हणून नातीने पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळी तिने पेटी उघडली. मी म्हटलं, आधी तपासणी.

तपासायची रीत सोपी आहे. बॅटरी काढायची, पंखे काढायचे. एका हाताने ड्रोनचा बाहू धरायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत मोटरीची बैठक धरून हळूच हलवायची. नुसती वरची टोपी खुळखुळत असेल तर दोष बेअरिंगचा. बैठकच बाहूवर सरकत असेल तर स्क्रू ढिले. माझ्या डोळ्यांना आता ते स्क्रू नीट दिसत नाहीत, पण बोटांना हालचाल कळते. चार मोटरी, प्रत्येकीला चार, असे सोळा स्क्रू. मागच्या उजव्या मोटरीचे दोन ढिले निघाले आणि तिसरा जागेवर नव्हताच.

हे स्क्रू सैल का होतात? या मोटरी मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतात. पंख्याला बारीकशी चीर गेली किंवा तो किंचित वाकला, तरी प्रत्येक फेऱ्याला एक हादरा बसतो. सेकंदाला शेकडो हादरे! त्या कंपनाने आटे कणाकणाने मागे फिरतात. मोटर हलली की ड्रोनमधल्या तोल सांभाळणाऱ्या जायरोला वाटतं, अख्खं यंत्रच कलतंय. तो मोटरींना कमी-जास्त वेग द्यायला लावतो, त्याने थरथर आणखी वाढते, मोटरी तापतात, आणि उरलेला स्क्रू निसटला की यंत्र हवेतच उलटं होतं. रथाच्या आसाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं, ही गोष्ट लहानपणी ऐकलेली. इथे वर जाऊन बोट कोण घालणार?

आता नवा स्क्रू हवा. जाडी दोन मिलिमीटर, लांबी पाच. बाहू तीन मिलिमीटर जाड, म्हणजे मोटरीत शिरणार दोन. आटा 0.4 मिलिमीटरचा, म्हणजे धरून ठेवणारे आटे पाच. हा हिशोब नातीने तोंडी केला! तिच्या डबीत आठ मिलिमीटरचे स्क्रू होते. तो लावा म्हणून पुतण्या मागे लागला. पण लांब स्क्रू आत तांब्याच्या वेटोळ्याला टेकला की शॉर्ट होऊन मोटर जळते. अंबडला पाचचा मिळाला नाही. ज्या जालन्यातून सळयांचे ट्रकच्या ट्रक जातात, तिथेही तीन दुकानं फिरावी लागली. अखेर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडून रविवारी सकाळी दहाला स्क्रू आला.

त्यावर लावायचं ते निळं औषध, लॉकटाइटसारखं. 1953 साली व्हर्नन क्रीबल या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ते शोधलं. गंमत अशी की हवा असेपर्यंत ते पातळ राहतं आणि धातूच्या आट्यांत, जिथे हवा पोचत नाही, तिथे घट्ट होतं. म्हणून त्याची बाटली काठोकाठ भरलेली नसते. चारही स्क्रू काढून स्पिरिटने पुसायचे, टोकाच्या आट्यांवर एकेक थेंब लावायचा, आणि जीपचं चाक बसवतात तसे समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. बेअरिंगमध्ये थेंब जाऊ द्यायचा नाही. प्लास्टिकचा सांगाडा असेल तर हे वापरूच नये, त्याला तडे जातात. वीस मिनिटांत ते धरतं, पण पुरी ताकद यायला चोवीस तास.

आणि अकराला मंडपात दीडशे माणसं, त्यात मुलंबाळं.

"एवढंसं खेळणं, मास्तर, पाच मिनिटं उडवा," असं चारचौघांनी म्हटलं. निर्णय मी नातीवर सोडला. ती रडवेली झाली होती, तरी म्हणाली, "आजोबा, दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण माणसांवरून नको." पेटी बंद केली.

सोमवारी दुपारी पाहुणे गेल्यावर तिने मोकळ्या रानात दोन मिनिटं उडवून पाहिला. खाली उतरवून मोटरींना हात लावला, गरम नव्हत्या. मग मोसंबीच्या बागेवर नेला. गुडघ्यांमुळे भाऊ दोन वर्षं बागेच्या पलीकडच्या टोकाला गेलेले नाहीत. 2012-13 च्या दुष्काळात वाळलेली बाग त्यांनी पुन्हा लावली होती. बाजेवर बसून ते पडद्यावर एकेक ओळ पाहत होते. आंबिया बहराची फुलं होती, पण ते म्हणाले, "वरून पाहिलं की गेलेली झाडंच आधी दिसतात रे." तेवीस नांग्या मोजल्या.

नातीने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाहूपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली होती. स्क्रू फिरला तर रेघ तुटते. उतरल्यावर तिने सोळाही पाहिल्या. एकही तुटली नव्हती.

भाऊंनी त्याच संध्याकाळी रोपवाटिकेत फोन करून तेवीस रोपं सांगून ठेवली. एक्याऐंशीव्या वर्षी! असो.