वरुणेकाठची काशी

काशीला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाला 'काय काय पाहिले?' असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : विश्वनाथ, गंगेची आरती, सारनाथ आणि साड्यांची दुकाने. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ मंदिराचा नवा परिसर खुला झाल्यापासून तर गर्दी इतकी वाढली आहे, की दोन दिवसांतच घरातली वडीलधारी मंडळी थकून जातात. अशा वेळी तिसरा दिवस शहराबाहेर, पंचक्रोशीच्या गावांत घालवावा.

पंचक्रोशी म्हणजे काशीची प्रदक्षिणा. सुमारे ८० किलोमीटरची ही वाट मणिकर्णिकेवरून निघते आणि पाच मुक्काम करून तिथेच परतते. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे ते पाच मुक्काम. देवळे उजव्या हाताला आणि धर्मशाळा डाव्या हाताला, अशी या वाटेची जुनी रीत. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतात. इकडे त्याच महिन्यात बायाबापड्या डोक्यावर गाठोडी घेऊन ही वाट चालतात. २०२३ च्या अधिक श्रावणात भर पावसातही त्या चालत होत्या.

सगळी वाट चालणे प्रत्येकाला जमणारे नाही. रिक्षा ठरवून कंदवा गावचा कर्दमेश्वर पाहावा. शेजारी कुंड, आणि दगडी भिंतींवर झिजलेल्या मूर्ती. शहरातली बहुतेक देवळे अठराव्या शतकात किंवा त्यानंतर उभी राहिली. खुद्द विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले. हे देऊळ मात्र त्याहून कितीतरी शतके जुने. तरीही इथे रांग नसते.

खरा विसावा मिळतो तो रामेश्वरला. हरहुआच्या पलीकडे, वरुणेच्या काठावरचे हे गाव. वाराणसी हे नाव वरुणा आणि अस्सी या दोन नद्यांवरून पडले असे सांगतात. त्यांपैकी अस्सीचा नाला झाला. वरुणाही शहरात शिरली की सांडपाण्याने काळवंडते. वर, या गावांच्या बाजूला, ती अजून नदीसारखी दिसते. काठाला हिवाळ्यात मोहरी आणि वाटाण्याची शेते. पण शहर याच दिशेने वाढते आहे. ज्यांना जायचे आहे, त्यांनी फार वर्षे थांबू नये.

रामेश्वरचा शिव रामाने स्थापन केला, अशी श्रद्धा आहे. आपल्या कार्तिक वद्य षष्ठीला (तिकडच्या पंचांगात अगहन) इथे 'लोटा-भंटा' मेळा भरतो. भंटा म्हणजे वांगे! गावोगावची कुटुंबे नदीकाठी गोवऱ्या पेटवून बाटी भाजतात, वांग्याचा चोखा करतात, देवाला नैवेद्य दाखवतात आणि तिथेच पंगत बसते. आपल्या भरताची सवय असलेल्यांना चोख्यातला मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या घासाला झोंबतो. दुसऱ्या घासाला तक्रार राहत नाही.

परतताना लमही गाठावे. ३१ जुलै १८८० रोजी प्रेमचंद याच गावात जन्मले. होरी आणि धनिया ज्यांनी वाचले आहेत, त्यांना वाटेवरच्या गोठ्यांकडे पाहताना ओळखीचे वाटेल. मुलांना 'ईदगाह'मधल्या हमीदची गोष्ट रिक्षातच सांगून टाकावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र जानेवारीत धुके दाट असते, तेव्हा सकाळी उशिराच निघावे आणि दिवस मावळायच्या आत शहरात परतावे. दुपारच्या जेवणाची सोय सोबत ठेवावी. गावात चहा मिळतो, तोही कुल्हडमधून.