कशेडी घाटातले दगड

दोस्तांनो, श्रावण संपत आला की आमच्या बोरीवलीला कोकणाचे वेध लागतात. नॅन्सी कॉलनीच्या एसटी डेपोत पाय ठेवायला जागा नसते. ट्रंका, पिशव्या, बोचकी आणि त्यांच्यावर बसलेली चिल्लीपिल्ली! मी सांगतोय ती गोष्ट १९९४ सालची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. १९९४ साली गणपतीला आमच्या गावी जायचं तर रस्त्यानेच. मी तेव्हा सातवीत होतो.

त्या वर्षी एसटीचं आरक्षण मिळालं नाही. काकांनी छाती फुगवून जाहीर केलं, "आपल्या गाडीने जाऊ!" ही गाडी काकांनी सेकंडहँड घेतलेली. आजी म्हणाली, "नेशील रे, पण पोचवशील ना?"

पहाटे चारला नॅशनल पार्कच्या दारावरून हायवेला लागलो. घोडबंदर, ठाणे, पनवेल, पेण, वडखळ... माणगावच्या अलीकडे फुस्स! पंक्चर. काकांनी उत्साहाने जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट फिरवायला घेतले. नटाबरोबर चाकच गरागरा फिरायला लागलं! म्हणून लक्षात ठेवा हं : चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. आणि आवळताना ओळीने नाही, तर समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळायचे. म्हणजे चाक तिरकं बसत नाही.

पोलादपूर मागे पडलं आणि कशेडी घाट सुरू झाला. पाऊस, धुकं, वळणामागून वळण. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी तापली होती. काकांनी ती कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ओ साहेब, हात लावू नका!"

पलीकडे आपला ट्रक गार करत थांबलेले एक ड्रायव्हरकाका धावत आले. त्यांनी काकांचा हात धरला नसता, तर तो नक्की भाजला असता. असं का? रेडिएटर म्हणजे एक प्रेशर कुकरच समजा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण दाब हवेच्या दुप्पट झाला, तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब एकदम उतरतो आणि पाण्याची भसकन वाफ होऊन ते तोंडावर उसळतं. म्हणून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, निदान अर्धा तास तरी. घाईने गार पाणीही ओतायचं नाही. तापलेल्या इंजिनाला तडा जाऊ शकतो.

ड्रायव्हरकाकांनी आम्हा मुलांना कामाला लावलं. चाकांमागे दगड लावले. गाडीच्या बरंच मागे, वळणाच्या आधीपासून मोठे दगड मांडले आणि त्यांत झाडाच्या फांद्या खोचल्या. मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून.

गाडी गार होईतो तुम्हांला एक गंमत सांगतो. मोटारीने लांबचा पहिला प्रवास कोणी केला, ठाऊक आहे? जर्मनीतल्या बर्था बेंझ या बाईंनी, १८८८ साली. बरोबर होती त्यांची दोन मुलं, १५ आणि १३ वर्षांची. तुमच्याच वयाची! मानहाइम ते फोर्झहाइम, सुमारे १०६ किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, बाईंनी टोपीची पिन घालून ती साफ केली. ब्रेक झिजले, मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं, ते औषधांच्या दुकानातून घेतलं. आणि चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलायची!

तासाभराने आमच्या रेडिएटरमध्ये पाणी भरलं, गाडी सुरू झाली. सगळे टुणकन आत बसलो. आजीला गणपतीची घाई. काका गिअर टाकणार, तोच ड्रायव्हरकाका खिडकीशी आले. "साहेब, ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका, ब्रेक तापून लागेनासे होतात. आणि ते दगड कोण उचलणार?"

खरं सांगतो, तोंडं लपवावीशी वाटली. आम्ही मुलं उतरलो, घाईघाईने दगड बाजूला केले आणि निघालो.

घाट उतरताना धुकं आणखी दाटलं. काका लहान गिअरमध्ये हळूहळू उतरत होते. एका वळणावर त्यांनी करकचून ब्रेक दाबला. समोर हातभरावर दगडांची रांग! गाडी नाही, माणूस नाही. कोणाची तरी गाडी दुरुस्त झाली होती आणि तो आनंदाने घरी गेला होता. आमच्या जागी एखादा मोटारसायकलवाला असता तर?

कोणी काही बोललं नाही. सगळे उतरलो. या वेळी आजीसुद्धा उतरली आणि पदर खोचून दगड उचलायला लागली. गाव गाठेपर्यंत दिवे लागले होते, पण त्या उशिराबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

आता तो रस्ता क्रमांक १७ चा ६६ झालाय, कशेडीला बोगदे झालेत. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३ या नंबरावर मदत मागता येते. दगडांऐवजी चमकणारा लाल त्रिकोण गाडीत ठेवता येतो, तो ठेवाच. तरीही रस्त्यांवर दगड दिसतातच. अगदी आमच्या बोरीवलीच्या हायवेवरसुद्धा.

तेव्हा दोस्तांनो, गाडी सुरू झाली की काम संपलं असं समजू नका. तुम्ही मागे बसणारी मंडळी, तुम्हांला गाडी चालवता येत नसेल. पण "बाबा, दगड उचलले का?" एवढं तर विचारता येईल ना?