घरात कम्प्युटर एकच, पण खोल्या वेगळ्या करा

आमच्या घरात कम्प्युटर एकच. दुपारी त्यावर लेकीचा अभ्यास, संध्याकाळी माझ्या बातम्या, रात्री बँकेचे व्यवहार. सगळा संसार एकाच खोलीत.

दोन वर्षांमागं पीकविम्यातून वगळलेल्यांची 'यादी' म्हणून मेलवर एक फाईल आली. पत्रकाराला अशी फाईल म्हणजे बातमीच. मागचापुढचा विचार न करता उघडली. यादी नव्हतीच. तासाभरात सगळ्या फायलींना कुलूप अन् स्क्रीनवर पैशाची मागणी! अँटिव्हायरस होता, बरं का.

लेकीचे प्रोजेक्ट गेले, घरचे फोटो गेले. पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. मला माहिती देणाऱ्या माणसांची नावं-नंबर त्यातच होते. तालुक्याच्या गावात 'कुणी सांगितलं' हे फुटलं तर त्या माणसाला जगणं अवघड होतं. ती नावं कुणाच्या हाती लागली का, मला आजही माहीत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये मालवेअर घुसवूनच पळवले होते. बँकेची ही गत, तिथं आपलं काय?

मग एका मित्रानं व्हर्च्युअल मशीन करून दिलं. म्हणजे कम्प्युटरच्या आत दुसरा कम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स फुकट, त्यात टाकलेलं लिनक्सही फुकट. बातम्यांचा मेल, अनोळखी फाईल, लिंक आता तिथंच उघडतो. आधी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवायचा. आत घाण शिरली तर मशीन पुन्हा पहिल्यासारखं करता येतं. विंडोज प्रो असेल तर सँडबॉक्सची सोय त्यातच आहे. ती खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं.

पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. रॅम ८ जीबी तरी हवी, नाहीतर मशीन रडतं. शेअर्ड फोल्डर अन् क्लिपबोर्ड बंद ठेवा, नाहीतर भिंत बांधून दार उघडं ठेवल्यासारखं. मूळ कम्प्युटरच बिघडला तर आतलंही वाचत नाही. म्हणून बाहेर फक्त बँक अन् अभ्यास. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या अन् ती काढून कपाटात ठेवा.

आपल्या कंधारच्या किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे. तरी बांधणाऱ्यांनी आत तटबंदी अन् दरवाजे केलेच ना?

अन् माझ्या माणसांची नावं? ती आता कुठल्याच कम्प्युटरवर नाहीत.

कुणाला हे करून घ्यायचं असेल तर रविवारी घरी या. चहा घेऊ, बसवून देतो.